गुप्त जलवाहिनीचे गुणगान

जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप जमिनीत टाकावा, त्यावर कोबा, कोब्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स आणि टाइल्सवर सोफा ठेवावा, ही आपली गृहरचना खरोखर वंदनीय आहे. पाइप कुठून गेला याचा नकाशा फक्त मूळ प्लंबरच्या डोक्यात असतो, आणि तो गावी गेलेला असतो. गोपनीयता म्हणतात ती हीच.

घरातले सगळे नळ बंद असूनही मीटरचा काटा गरगर फिरू लागला, की शोधकार्यास विधिवत प्रारंभ होतो. नवा प्लंबर फरशीला कान लावतो, डोळे मिटतो आणि अत्यंत आत्मविश्वासाने चुकीच्या जागी ब्रेकर चालवतो. स्वयंपाकघर झाले, की देवघर. पाणी फटीफटीतून वाहत भलतीकडेच वर येते, त्याला तो बिचारा काय करणार? याच न्यायाने मीटर आणि मुख्य कॉकही कोब्याखाली गाडावेत. काटा दिसला नाही, तर गळती कसली?

अखेर जुनी लाइन कायमची बंद करून भिंतीवरून सीपीव्हीसीची उघडी लाइन काढली. अर्ध्या दिवसात काम फत्ते, एक थेंब गळेना. घरमालकांनी ती समाधानाने न्याहाळली आणि गवंड्याला हाक मारली, "बरं दिसत नाही हो हे. तेवढी आत घेऊन वरून सिमेंट मारून टाका."