दोन मिनिटांसाठी पेन नेलेल्या महोदयांस

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या इमर्जन्सीच्या रात्री आपण आमच्या मेडिसिन वॉर्डाच्या टेबलावरून "जरा दोन मिनिटं" म्हणून एक पेन नेलंत. चार रंगांचं, चार बटणांचं. कमरेला पांढऱ्या स्टिकिंगची पट्टी आणि पट्टीवर माझं नाव. आपली दोन मिनिटं अजून संपलेली नाहीत, याबद्दल तक्रार नाही. आपल्या खात्यात वेळेचं असंच आहे. "सोनोग्राफी होईल, दहा मिनिटं थांबा" असं सांगितलं की पेशंटचे नातेवाईक चहा पितात, लालबागला घरी जाऊन डबा घेऊन येतात, तरी ती दहा मिनिटं शिल्लकच असतात.

हॉस्पिटलचं नाव घेत नाही. परळमध्ये केईएम आहे, टाटा आहे, दोन-दोन वाडिया आहेत. संशयाचा फायदा द्यायला इतकी सोयीची जागा मुंबईत दुसरी नाही.

आता आपण म्हणाल, एका पेनासाठी एवढा कांगावा? महोदय, आपण हाउसमन होतात त्याला बरीच वर्षं झाली असावीत, म्हणून आठवण करून देतो. हाउसमनच्या गळ्यातला स्टेथो घरच्यांना फोटो पाठवायला असतो. काम चालतं ते पेनावर. हिंदमाताला गुडघाभर पाणी साचून आठवडा उलटला की लेप्टो येतो. मलेरिया आणि डेंग्यू आधीच खाटा अडवून बसलेले असतात. मग खाटांच्या मध्ये गाद्या पडतात, गाद्यांच्या मध्ये आम्ही. प्रत्येक तापाचा एक केसपेपर, रक्ताचे वेगळे फॉर्म, एक्सरेचा वेगळा, प्लेटलेट मागवायच्या तर ब्लड बँकेचा वेगळा, दुसऱ्या विभागाला कॉल पाठवायचा तर तोही हातानं लिहून. कॉम्प्युटर आहे. सर्व्हर चालू असतो तेव्हा मी झोपलेला असतो, किंवा उलट.

आपण पेन घेऊन दाराबाहेर पडलात तेव्हा माझ्या डाव्या मुठीत तीन बल्ब होते. जांभळ्या टोपणाचा ईडीटीए, लाल टोपणाचा प्लेन, करड्या टोपणाचा फ्लोराइड. तिन्हींत नुकतंच काढलेलं, अजून कोमट रक्त. बल्बवर स्टिकिंगचा तुकडा चिकटवलेला, तुकडा कोरा. बिननावाचा बल्ब लॅबवाले घेत नाहीत, घेऊही नयेत. वॉर्डबॉय मामा ट्रे घेऊन उभे. "डॉक्टर, लिहिता ना?" लिहितो ना! कशानं?

शेवटी सात नंबरच्या खाटेवरच्या आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं, टोपण स्वतःच्या मुठीत ठेवलं आणि नुसतं पेन माझ्या हाती दिलं. गिरगावातले, बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झालेले. अंगात एकशे तीन ताप, पण टोपण सुटेना. "बिनटोपणाचं पेन कोणी खिशाला लावत नाही, परत येतं," म्हणाले. अख्ख्या एमबीबीएसमध्ये इतकं उपयोगी वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. चार रंगांच्या पेनाला टोपणच नसतं, हे आपल्या लक्षात माझ्याआधी आलं होतं, एवढंच.

तपासाबद्दल थोडं. माझ्या नावाची पट्टी सापडली आहे. पुरती सोलून, घडी न करता, एक्सरे बघायच्या व्ह्यू बॉक्सच्या कडेला चिकटवलेली. या एका पट्टीनं बराच उलगडा केला. मावशी आणि मामा निर्दोष. त्यांना व्ह्यू बॉक्सशी कर्तव्य नाही. इंटर्न निर्दोष, तो त्या वेळी ब्लड बँकेच्या रांगेत होता, अजूनही असेल. कॅज्युअल्टीतल्या हवालदारांवर माझा संशय होता, पण ते पेन मागतात आणि जबाब लिहून झाला की परत देतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. व्ह्यू बॉक्ससमोर उभं राहून, फिल्मवर बोट ठेवून, "हे दिसतंय का तुला?" असं विचारण्याचा अधिकार ज्यांना आहे, अशी माणसं वॉर्डात मोजकीच. एक रजिस्ट्रार, एक लेक्चरर आणि एक... असो. माझी परीक्षा व्हायची आहे.

माझं निरीक्षण असं की हॉस्पिटलात कामं वरून खाली येतात आणि पेनं खालून वर जातात. हाउसमनचं रजिस्ट्रारकडे, रजिस्ट्रारचं लेक्चररकडे, लेक्चररचं सरांकडे. सरांच्या खिशातून पुढे पेन कुठे जातं, यावर संशोधन झालेलं नाही. चमच्यांवर झालंय. मेलबर्नच्या एका संशोधन संस्थेत ७० चमच्यांवर गुपचूप नंबर घालून ते चहाच्या खोल्यांत ठेवले. पाच महिन्यांत ५६ गायब. चमच्याचं अर्धायुष्य ८१ दिवस निघालं आणि २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलनं ते छापलं. ८१ दिवस! आमच्याकडे एका राउंडात निकाल लागतो. आपल्याला पेपर लिहायचा असेल तर विषय तयार आहे. पहिलं नाव आपलंच लावा. तीही इथली रीतच.

पूर्वी म्हणे टंचाई नव्हती. औषध कंपन्यांचे एमआर यायचे, औषधाच्या नावाची पेनं मुठीनं वाटायचे. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलनं कंपन्यांकडून भेटी घ्यायला बंदी केली. नियम उत्तम. मोठ्या भेटींचं काय झालं ते मोठ्यांना ठाऊक. आमच्यापर्यंत पोचली ती पेनांची बंदी. २०१६ मध्ये त्याच कौन्सिलनं सांगितलं, औषधांची नावं सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा. म्हणजे शाई दुप्पट, पेनं निम्मी. आणि आम्हा हाउसमनांसाठीच्या, १९९२ च्या केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत स्पष्ट लिहिलंय की सलग ड्यूटी सहसा बारा तासांपेक्षा जास्त नसावी. लिहिणाऱ्याचं पेन पुढच्या ओळीआधीच कुणीतरी नेलं असणार.

तर मागणी साधी आहे. निळी रिफिल आपण संपवली असेल, ती राहू द्या. काळीही ठेवा. लाल तेवढी परत हवी, कारण ॲलर्जी लाल शाईनं लिहायची असा आमच्या रजिस्ट्रारचा दंडक आहे आणि तो मोडला की ओरडतातही तेच. हिरवीला कुणी विचारत नाही; ती आपल्याला सप्रेम भेट. पेन समक्ष द्यायला संकोच वाटत असेल तर ड्रेसिंग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवा. तिथे कुणी बघत नाही. गेल्या वर्षीची हरवलेली टॉर्च तिथेच निघाली.

उद्याच्या राउंडला नेहमीप्रमाणे "पेन आहे का रे?" म्हणून हात पुढे करालच. मी देईनच. न देऊन सांगतो कुणाला?

आपला आज्ञाधारक,
मेडिसिनचा एक हाउसमन

ता. क. : हे पत्र सिस्टरांच्या काउंटरवरच्या पेनानं लिहिलं आहे. ते गॉजच्या दोरीनं रजिस्टरला बांधलेलं असतं आणि सिस्टरांना आता नाइटचा रिपोर्ट लिहायचा आहे. त्या दोरी ओढतायत, तेव्हा इथेच