वटवाघळाचा ना-हरकत दाखला

नोव्हेंबर 2024 मध्ये इंग्लंडातल्या एका रेल्वे परिषदेत सर जॉन थॉम्प्सन यांनी खर्चाचा एक आकडा सांगितला आणि बेखस्टाइन जातीचं वटवाघूळ रातोरात राष्ट्रीय खलनायक झालं. थॉम्प्सन तेव्हा लंडन-बर्मिंगहॅम अतिवेगवान रेल्वे बांधणाऱ्या ‘एचएस टू’ कंपनीचे अध्यक्ष होते. बकिंगहॅमशायरमधल्या शीपहाउस वुड या जुन्या रानाला खेटून या रेल्वेचा मार्ग आखला आहे. तिथली वटवाघळं गाडीखाली येऊ नयेत म्हणून रुळांवर जवळपास किलोमीटरभर लांबीचा जाळीदार मांडव घालायचा, आणि त्याचा खर्च 10 कोटी पौंडांच्या वर. आपल्या हिशेबात हजार कोटी रुपयांच्या पुढे. लाभार्थी सुमारे 300. म्हणजे डोईमागे तीन कोटींहून जास्त, आणि एवढं करून लाभार्थ्यांची ना मागणी, ना मोर्चा, ना साधं निवेदन.

मांडवाला ‘बॅट शेड’ असं नाव पडलं. संपादकीयं झडली. देश रसातळाला का चालला, या जुन्या प्रश्नाचं उत्तर अखेर सापडलं होतं आणि ते उलटं लटकत होतं.

यावर नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने खुलासा केला. हा मांडव आम्ही मागितलेलाच नाही, त्याची रचना आणि खर्च यांबद्दल आम्ही सल्लाही दिलेला नाही. कायदा पाळायचा कसा हे कंपनीने स्वतः ठरवलं. शिवाय लंडन ते बर्मिंगहॅम या मार्गाचा अंदाजच 50 अब्ज पौंडांच्या पलीकडे गेलेला. त्यात मांडवाचा वाटा शंभर रुपयांत वीस पैशांच्या आसपास. उरलेले नव्व्याण्णव रुपये ऐंशी पैसे कोणत्या सस्तन प्राण्याने खाल्ले, याची चौकशी मात्र कुणी लावली नाही. मँचेस्टरकडे जाणारा याच रेल्वेचा फाटा तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ऑक्टोबर 2023 मध्येच रद्द केला होता. त्यात वटवाघळाचा हात, किंवा पंख, असल्याचं अजून तरी उघडकीस आलेलं नाही.

पण राजकारणात वटवाघळाइतका सोयीचा आरोपी दुसरा नाही. ते दिवसा झोपतं, खुलासा देत नाही, मतदार यादीत नसतं. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी 2020 मध्ये डडलीच्या भाषणात बांधकामं रखडण्याचं खापर न्यूट मोजण्यावर, म्हणजे डबक्यातल्या सरड्यासारख्या उभयचराच्या शिरगणतीवर फोडलं. ते हुजूर पक्षाचे. पुढे सरकार बदललं, मजूर पक्ष आला. जानेवारी 2025 मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी बिल्डरांना वटवाघळं आणि न्यूट यांची चिंता सोडून बांधकामाला लागायला सांगितलं. युरोपात राहायचं की नाही यावर ज्या देशाचं एकमत झालं नाही, त्याचे दोन मोठे पक्ष पाच ग्रॅम वजनाच्या प्राण्यावर एक झाले. वाइल्डलाइफ ट्रस्ट्स या संघटनेने 2024 मधल्या बांधकाम परवानग्यांच्या अपिलांचे निकाल चाळले, तेव्हा वटवाघळं आणि न्यूट यांचा मुद्दा जेमतेम 3 टक्के प्रकरणांत निघाला. 97 टक्के प्रकरणं माणसांनी स्वबळावर रखडवली होती.

आता बांधकामाआधी करावं लागणारं हे वटवाघळांचं सर्वेक्षण असतं तरी काय? समजा, नोकरीनिमित्त लंडनच्या उपनगरात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने शंभर वर्षांचं जुनं घर घेतलं. आईवडील सहा महिने राहायला यायचे, म्हणून पोटमाळ्यावर एक खोली काढायचं ठरलं. नकाशा नगरपालिकेत दिला. तिकडून विचारणा आली की वटवाघळांचा अहवाल कुठे आहे? आधी हसू येतं. मग शिडी, टॉर्च, दुर्बीण आणि फटीत घालायची नळीची दुर्बीण घेऊन परिस्थितिकीतज्ज्ञ दारात उभा राहतो, आणि त्याची फी ऐकल्यावर हसू ओसरतं.

तो आढ्याखाली सरपटत जातो आणि लेंड्या शोधतो. सापडलेली लेंडी चिमटीत चुरडायची. भुगा झाला तर वटवाघळाची, कारण त्यात किड्यांच्या पंखांचा चुरा असतो. कडक राहिली तर उंदराची. एवढ्या एका चिमटीवर आईवडिलांच्या खोलीचं भवितव्य ठरतं. त्यानंतर घराला शेरा मिळतो: शक्यता नगण्य, कमी, मध्यम किंवा जास्त. कमी असेल तर संध्याकाळची एक पाहणी, मध्यम असेल तर दोन, जास्त असेल तर तीन. पाहणी म्हणजे सूर्यास्ताच्या पाव तास आधीपासून खुर्ची टाकून छपराकडे बघत बसायचं. हातात वटवाघळाची हाक माणसाला ऐकू येईल अशी करणारं यंत्र आणि शेजारी अवरक्त कॅमेरा. 45 किलोहर्ट्झच्या आसपास टकटक ऐकू आली तर साधी पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ; 55 च्या आसपास आली तर तिची चुलत बहीण सोप्रानो. शेजारीपाजारी पडद्याआडून बघतात आणि पोलिसांना फोन करावा का, याचा विचार करतात.

ही बैठक मे ते सप्टेंबरमध्येच होते. हिवाळ्यात वटवाघळं शीतनिद्रेत असतात, तेव्हा ती बाहेर पडत नाहीत म्हणून ती नाहीत, असं म्हणता येत नाही. ऑक्टोबरमध्ये ज्याला सर्वेक्षणाची आठवण होते, त्याला मेपर्यंत थांबावं लागतं. बिल्डर मंडळी याला ‘वटवाघळामुळे सात महिने वाया’ म्हणतात. वेळापत्रक दरवर्षी तेच असतं, मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेलं असतं, आणि त्यातला मे महिना आजवर एकदाही वेळेवर यायचा चुकलेला नाही. तरी दोष वटवाघळाचा.

त्यातली खरी गंमत कायद्यात आहे. वटवाघळं जागेवर नसली तरी त्यांचा थारा संरक्षितच राहतो, कारण ती ऋतूप्रमाणे मुक्काम हलवतात आणि वर्षानुवर्षं त्याच फटीत परततात. मुंबईच्या पागडीच्या चाळीत भाडेकरू चार वर्षं दुबईला असला तरी खोलीवरचा त्याचा हक्क ज्याने पाहिला आहे, त्याला हे कलम चटकन समजेल. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. बाळंतपणाचं छप्पर एकदा पाडलं तर वसाहत सावरायला किती वर्षं लागतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आणि जागा अडते किती, तर बोटभर रुंदीच्या फटीतून ही पाकोळी आत जाते आणि काड्यापेटीत मावते.

तीच गत झाडांची. सुतारपक्ष्याने पोखरलेली ढोली, उकललेली फांदी, सुटलेली साल, खोडाला गच्च बिलगलेली वेल, हे सगळं टिपून त्यात एखादं वटवाघूळ मावेल की अनेक, अशी नोंद करतात. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी. डबकं असेल तर वसंतात त्यातलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेकडे, त्यात न्यूटचा डीएनए तरंगतो का ते पाहायला. बिजू असेल तर त्याच्यासाठी 1992 चा वेगळा कायदा. ब्राइटन शहराने तर 2020 मध्ये पाच मीटरहून उंच नव्या इमारतींत स्विफ्ट पक्ष्यांसाठी पोकळ विटा बसवायची अट घातली. इमारत पुरी झाली की आधी विटेतले रहिवासी येतात, मग कर्ज फेडणारे.

न ऐकणाऱ्याचं काय होतं? बेलवे होम्स या बड्या बिल्डर कंपनीने 2018 मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागात इमारती पाडल्या. तिथे सोप्रानो पाकोळ्यांचा थारा असल्याची नोंद आदल्याच वर्षी झालेली होती आणि परवान्याशिवाय हात लावू नका हे कागदोपत्री सांगितलेलं होतं. डिसेंबर 2020 मध्ये न्यायालयाने 6 लाख पौंडांचा दंड ठोठावला, म्हणजे जवळपास 6 कोटी रुपये. सर्वेक्षणाला याच्या कितव्या हिश्शाने पैसे लागले असते, हे गणित कंपनीच्या हिशेबनीसाने तेव्हा केलं नसावं.

महाराष्ट्रात असला घोळ नाही.

आपल्याकडे फळं खाणारं वटवाघूळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात होतं, पण पाचव्या अनुसूचीत. म्हणजे उपद्रवी प्राण्यांत, कावळा, उंदीर आणि घूस यांच्या पंगतीला. त्यात काही चुकलं म्हणायची सोय नव्हती; नावच संरक्षणाच्या कायद्यात होतं, संरक्षण तेवढं नव्हतं. वड-पिंपळाच्या बिया गावभर पेरणारा हा प्राणी पन्नास वर्षं सरकारी दफ्तरी उंदराचा भाऊबंद राहिला. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली आणि 1 एप्रिल 2023 पासून तो कागदावर तरी उपद्रवातून सुटला.

सरसकट सगळ्यांवर अन्याय होता असंही नाही. बेळगावजवळच्या बारापेडे गुहेत राहणारं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत बसलेलं आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911-12 च्या सुमारास सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण हाती घेतलं. त्याचे निष्कर्ष लिहिणारे रॉटन हे मुंबई इलाख्यातले निवृत्त वनाधिकारी, आणि 1913 मध्ये या जातीला त्यांचंच नाव दिलं गेलं. अनेक वर्षं ही जात जगात त्या एकाच गुहेत ठाऊक होती. वनखात्यातल्या साहेबाचं नाव लागलं की प्राण्याला अनुसूचीत वरची जागा मिळते, हा निव्वळ योगायोग समजावा.

आपल्याकडे वटवाघळाची विचारपूसच होत नाही, हा आरोपही खोटा. मार्च 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ महाबळेश्वरच्या गुहेत गेले, नमुने घेतले, आणि पुढच्या वर्षी निपाहच्या प्रतिपिंडांची बातमी आली. तुझ्यामुळे आम्हाला काय होईल, हे आपण त्याला आस्थेने विचारतो. आमच्यामुळे तुझं काय होईल, हा अर्जाचा दुसरा भाग अजून छापून यायचा आहे.

झाडांसाठी 1975 पासून स्वतंत्र कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्षगणना आहे. झाड तोडायचं असेल तर अर्ज करायचा, झाडावर नोटीस चिकटवायची, हरकती-सूचना मागवायच्या. नोटीस खोडावर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावतात, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांना ती वाचता येत नाही. आली तरी ती त्यांना उलटी दिसेल. हरकत लेखी द्यावी लागते, तीही कचेरीच्या वेळेत, आणि नेमकी तीच त्यांची झोपेची वेळ.

ब्रिटिशांना रात्रीच्या कामाची केवढी हौस, आपणही मागे नाही. 4 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरेतल्या मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत दिवे लागले. हातात ध्वनियंत्रं नव्हती, विजेवरच्या करवती होत्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितली, तोवर 2,141 झाडं पडली होती, आणि हवी होती तेवढी तोडून झाली आहेत, असं सरकारतर्फे न्यायालयाला सांगण्यातही आलं. त्या झाडांच्या ढोल्यांत कोण राहत होतं, याचा निष्कर्ष आता कोणत्याही पद्धतीने काढला तरी ‘शक्यता नगण्य’ असाच येईल. पुढे 84 झाडांची परवानगी असताना मेट्रो कंपनीने प्राधिकरणाकडे 177 झाडांसाठी अर्ज नेला. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खरमरीत शब्द सुनावले, 10 लाख रुपये भरायला लावले, आणि प्रकल्प अडू नये म्हणून 177 झाडं तोडायला संमतीही दिली.

आता पुन्हा ब्रिटनकडे, कारण तिथे सुधारणेचं वारं सुटलं आहे. 2025 च्या अखेरीस तिथे नियोजन आणि पायाभूत सुविधांचा नवा कायदा आला. त्यात निसर्ग पुनर्स्थापना निधी आहे. सरकारने ज्या प्रश्नासाठी आराखडा केला असेल, त्यापुरता बिल्डरने ठरलेला आकार या निधीत भरायचा. मग त्या प्रश्नाचं निराकरण आराखडा परस्पर करेल, भूखंडागणिक वेगळी उस्तवार करायला नको. तिथले निसर्गप्रेमी यावर चिडले, सरकारने काही कलमं सौम्य केली, आणि सगळे जण ही कल्पना अगदी नवी असल्याच्या थाटात वाद घालत राहिले.

नवी कसली? पैसे भरा, बदल्यात झाडं लावा आणि पुढे व्हा, हे शास्त्र महाराष्ट्रात किती जुनं आहे. 2021 च्या दुरुस्तीने तर ते कळसाला नेलं: तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. ऐंशी वर्षांचा वड गेला तर ऐंशी रोपं. बेरीज चोख जुळते. त्या ऐंशींपैकी एकालाही ढोली नसते, साल सुटलेली नसते, फांदी उकललेली नसते, आणि या गोष्टी व्हायला आणखी काही दशकं लागतात. पण तेवढा काळ वटवाघळांनी कुठे काढायचा, हा प्रश्न नगरविकास खात्याच्या अखत्यारीत येत नाही.

तेव्हा आपले नगरसेवक आणि अधिकारी अभ्यासदौऱ्यावर विलायतेला जाण्याची प्रथा आता उलटी फिरवायला हरकत नाही. तिकडच्या नियोजन खात्याचं शिष्टमंडळ इकडे यावं. पहिल्या दिवशी विभाग कार्यालयात उद्यान खात्याची भेट आणि चहा; दुसऱ्या दिवशी भरपाईच्या रोपांची पाहणी, सापडल्यास; तिसऱ्या दिवशी पुण्यात एखाद्या वाड्याचं पाडकाम, तुळयांतून उडालेल्या पाकोळ्यांसह. मेपर्यंत थांबायची गरज नाही. इथला हंगाम बारमाही आहे, आणि पाहुण्यांना रात्री जागायची सवय असेल तर त्यांची तीही सोय होऊ शकते.