स्टुडिओ बुडवण्याची खात्रीशीर पद्धत

होतकरू दिग्दर्शकहो, सिनेमा पाडायला अक्कल लागत नाही, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. थोडंफार नुकसान कोणीही ऐरागैरा करतो. अख्खी कंपनी विकायची वेळ आणायची, तर पूर्वतयारी लागते. त्यातली पहिली पायरी सगळ्यात कठीण : आधी ऑस्कर मिळवा.

मायकेल चिमिनोने मिळवलं. एप्रिल १९७९ मध्ये ‘द डिअर हंटर’ला पाच ऑस्कर मिळाली आणि त्याच महिन्यात मोंटानात त्याच्या ‘हेवन्स गेट’चं शूटिंग सुरू झालं. ऑस्करची बाहुली नुसती कपाटात ठेवायची नसते. ती हातात असली की समोरच्याच्या तोंडून ‘नाही’ फुटत नाही, हा तिचा खरा उपयोग.

सहा दिवसांचं काम झालं, तेव्हा वेळापत्रक पाच दिवस मागे होतं. हा वेग कसा साधायचा? उदाहरणादाखल, सेटवरचा रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्यावर चिमिनोला तो सहा फुटांनी अरुंद वाटला. बांधकाम सांभाळणाऱ्याने सुचवलं, एकच बाजू पाडून सहा फूट मागे घेऊ, निम्म्यात काम होईल. चिमिनोने दोन्ही बाजू पाडायला लावल्या आणि प्रत्येक बाजू तीन-तीन फूट मागे नेली. हा प्रसंग पाठच करून ठेवा.

आता तुम्ही विचाराल, पैसा घालणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने त्याला हाकललं का नाही? तसा विचार झाला होता. पण मांडव घालून, आचारी बसवून झाल्यावर वधूपिता जसा नवऱ्या मुलाचे सगळे हट्ट पुरवतो, तशी कंपनीची गत झाली होती. म्हणून सुरुवातीलाच भरपूर खर्च करून ठेवावा. पुढचे पैसे मागचे पैसे वाचवण्यासाठी येत राहतात.

फिल्म खर्ची पडली सुमारे १३ लाख फूट. साहेबलोकांना दाखवलेली पहिली प्रत सव्वापाच तासांच्या वर, तर नोव्हेंबर १९८० मध्ये न्यू यॉर्कला लागलेली ३ तास ३९ मिनिटांची. समीक्षकांनी सालटी काढली आणि आठवड्याच्या आत कंपनीनेच सिनेमा उतरवला. कापून पुन्हा लावला, तोही आपटला. खर्च ४ कोटी ४० लाख डॉलर, तिकीटबारीवर जमले जेमतेम ३५ लाख. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड वगैरे मंडळींनी कलावंतांच्या हाती कारभार राहावा म्हणून १९१९ मध्ये काढलेली ही कंपनी, तिच्या मालकांनी १९८१ मध्ये एमजीएमला विकून टाकली. कारभार कलावंताच्या हाती राहिला होता, याबद्दल मात्र कोणाला तक्रार करता येणार नाही.

परक्याचा स्टुडिओ हाताशी नसेल तर स्वतःचा चालतो. ‘गॉडफादर’वाल्या कोपोलाला ‘वन फ्रॉम द हार्ट’साठी लास वेगास हवं होतं. लॉस एंजेलिसहून ते मोटारीने काही तासांवर. त्याने ते आपल्या स्टुडिओतच बांधलं. २ कोटी ६० लाख डॉलर गेले, साडेसहा लाखसुद्धा परत आले नाहीत, आणि पुढची कित्येक वर्षं तो कर्ज फेडण्यासाठी सिनेमे करत राहिला. पाण्याची आवड असलेल्यांनी ‘रेझ द टायटॅनिक’ अभ्यासावा. टायटॅनिक वर काढण्यापेक्षा अटलांटिक खाली उतरवणं स्वस्त पडलं असतं, असं त्याचे निर्माते लू ग्रेड म्हणाल्याचं सांगतात. वाळूच आवडत असेल तर ‘इश्तार’ आहे : मोरोक्कोत वाळवंट मिळालं, पण टेकड्या नकोशा झाल्या, म्हणून बुलडोझर लावून वाळू सपाट केली. वॉरन बीटी आणि डस्टिन हॉफमन दोघेही असून १९८७ मध्ये अमेरिकेत दीड कोटी डॉलरही जमले नाहीत. खर्च पाच कोटींच्या घरात.

एक धोका मात्र आहे. पडलेले सिनेमे पुढे उठून बसतात. १९८२ मध्ये ‘ई. टी.’च्या लाटेत वाहून गेलेला ‘ब्लेड रनर’ आज अभिजात ठरलाय. खुद्द ‘हेवन्स गेट’ २०१२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सन्मानाने दाखवला गेला. चिमिनोची सगळी मेहनत पाण्यात!

अपयश टिकाऊच हवं असेल, तर जॉर्ज लुकसने १९८६ मध्ये ‘हॉवर्ड द डक’ काढून दाखवलेला मार्ग धरा. बदकाला नायक करा आणि नायिकेला त्याच्या प्रेमात पाडा.