गाढवाचं पिल्लू आणि हिंजवडीची नोकरी

"अक्का, ऐकलं का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या पोरानं नोकरी सोडली म्हणे. हिंजवडीहून सगळं सामान घेऊन आला सोलापुरात. फोटो काढायला!"

"काढू दे की. तुमचं काय जातंय, वहिनी?"

"माझं काय जायचंय! पण त्याच्या आईचं तोंड बघितलं का? इंजिनिअर केलं पोराला, आता पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवून नान्नजच्या माळावर जातोय. माळढोक शोधायला."

"माळढोक? तो आता वनखात्याच्या माणसांनाही क्वचित दिसतो."

"तेच म्हणलं मी. तर म्हणतो, काकू, काळवीट आहेत, लांडगे आहेत. लांडग्यांसाठी नोकरी सोडली, आता बोला!"

"फोटोग्राफर रघू राय ठाऊक आहे का? तोपण सिव्हिल इंजिनिअर. थोरला भाऊ एस. पॉल दिल्लीत फोटोग्राफर. भावाच्या मित्राबरोबर हा एका खेड्यात गेला, तिथं गाढवाचं पिल्लू दिसलं. हा पुढं सरकला की ते पळायचं. पळून पळून दमलं, उभं राहिलं, तेव्हा ह्यानं फोटो घेतला. भावानं पाठवला लंडनच्या टाइम्सला, आणि त्यांनी छापला की!"

"गाढवाचा?"

"गाढवाचाच. १९६६ मध्ये हा स्टेट्समन पेपरात लागला. १९७७ साली त्या मोठ्या फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनं मॅग्नम ह्या फोटोग्राफरांच्या संस्थेसाठी ह्याचं नाव सुचवलं. पद्मश्रीही मिळाली. भोपाळला १९८४ मध्ये वायू सुटला, तेव्हाचा तो मातीत पुरलेल्या लेकराचा चेहरा आठवतो? तो ह्याचाच फोटो."

"अगं बाई! बघवत नाही तो. पण गाढवामागं पळून पद्मश्री मिळायला लागली तर आमच्या ह्यांना दोन मिळतील."

"चेष्टा नको. आपले फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष घ्या. केमिस्ट्री शिकले, लिंटासमध्ये जाहिरातीच्या कामाला होते. १९८७ मध्ये सोडलीच ना ती नोकरी?"

"त्यांचं वेगळं. त्यांच्यासमोर लताबाई, माधुरी बसायच्या. ह्याच्यासमोर कोण बसणार, लांडगा? आणि खरं सांगू? आईला पगाराचं एवढं नाही वाटत. पोरीकडचे विचारतात, मुलगा काय करतो. फोटो काढतो म्हणलं की त्यांना लग्नातला फोटोवाला दिसतो. सकाळपासून उभा, ह्याला सरका, त्याला हसा, आणि जेवायला शेवटची पंगत. तोवर जिलबी संपलेली."

"पण पोट त्या लग्नांवरच चाललंय ना त्याचं? लांडगा थोडाच पैसे देतोय."

"लग्नसराईत लग्नं, बाकी माळ. पण एक सांगते अक्का, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे फोटो झकास काढलेत. संमती कट्ट्यावरच्या अक्षता! भर दुपारचं ऊन, सगळे पांढऱ्या बाराबंदीत. आमच्या ह्यांच्या फोटोत बाराबंदी अशी येती, जशी आठवडाभर धुतलीच नाही. त्याला विचारलं. म्हणाला, काकू, कॅमेऱ्याला सगळं करडंच करायची खोड असते. पांढरं फार दिसलं की आपला उजेड कमी करतो. तो आपण वाढवून द्यायचा. संक्रांतीच्या काळ्या साडीचं उलटं, तिथं कमी करायचा, नाहीतर साडी विटकी दिसती."

"मग इंजिनिअरिंगची फी फुकट नाही गेली म्हणा त्याच्या आईला."

"म्हणणार आहे. पण आधी विचारून बघते, आमच्या नातवाच्या बारशाला येतो का."

"बोलवा की. भाव मात्र करू नका."

"भाव कुठं करतेय? शेजारचा म्हणून आपणहून थोडे कमी घेईल, एवढंच."

"झालं! निदान पहिल्या पंगतीला तरी बसवा त्याला."

"बसवते की. पण मग पहिल्या पंगतीचे फोटो कोण काढणार?"