दोन बादल्यांचं सोवळं

पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी गाडी धुणारे गृहस्थ कडक सोवळं पाळतात. एक बादली शांपूची, दुसरी साध्या पाण्याची, तळाशी माती अडवणारी जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा टपापासून खाली सरकतो. चाकांना शिवलेलं फडकं बॉनेटला चालत नाही. (हेच गृहस्थ घरात चहाचा कप विसळत नाहीत, तो भाग वेगळा.)

शास्त्राला आधार आहे. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. जुन्या बनियनात अडकलेली वाळू त्यावर बारीक ओरखडे उठवते, उन्हात ते जाळ्यासारखे चमकतात. भांड्यांच्या साबणाने मेणाचा थरही उतरतो.

मग चिकटलेली घाण ओढून काढणारा क्ले बार, नवं मेण, पुसणं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कुंड्यांना पाणी घालतात. शेणखतासकट.