अक्कलकोटात बटुमी

श्रावणातला पहिला सोमवार, २८ जुलै २०२५. मामांनी उपास धरला होता. मौन मात्र धरलं नव्हतं. सोलापूर ते अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर. तेवढ्यात त्यांनी शेजारच्या प्रवाशाला जगातली सगळी खबर दिली: महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम फेरी, जॉर्जियात, बटुमीला; समोरासमोर दोघीही भारतीय, कोनेरू हम्पी आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख; शनिवार-रविवारचे दोन्ही डाव बरोबरीत, म्हणून आज जलद डावांवर निकाल. प्रवासी वळसंगला उतरला. त्याला तिथंच उतरायचं होतं की नाही, देव जाणे.

अक्कलकोटात प्रत्येक रिक्षाच्या पाठीवर स्वामी समर्थांचं अभयवचन असतं, ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे.’ बुद्धिबळाच्या बघ्याचं ब्रीदही हेच. फरक एवढाच की, खेळाडूला भीती त्या पाठीशी उभ्या असलेल्याचीच वाटते. मामा तरुणपणी सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघायला जात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी वाढवलेली ती पंढरी. तिथं पंचांनी ‘शांतता!’ म्हटलं की मामांचा प्राण कंठाशी यायचा. दिसतंय, कळतंय, पण बोलायचं नाही! मराठी माणसाला याहून कडक उपास नाही.

स्वामींच्या वटवृक्ष देवळात रांग मोठी होती. मामांनी डोळे मिटून हात जोडले. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती. भोसले संस्थानिकांचं शस्त्रागार बघायची माझी इच्छा होती. ‘तलवारी पळून जात नाहीत, घड्याळ पळतं,’ असं म्हणून मामांनी मला थेट स्टँडजवळच्या हॉटेलात नेलं आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या बशीमागे, पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला टेकवून मोबाईल उभा केला.

जलद डाव म्हणजे प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि दर खेळीला दहा सेकंदांची भर. पहिला बरोबरीत सुटला. दुसऱ्यात हम्पीकडे पांढरी मोहरी, शिवाय ती तेव्हाची जलद बुद्धिबळाची जगज्जेती. दिव्या एकोणीस वर्षांची; आली तेव्हा ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एक नॉर्मही गाठीला नाही.

‘काय बघायलाव मालक?’ म्हणत हॉटेलवाला वाकला. मग त्याचा पोऱ्या, मग दोन रिक्षावाले. घोडा अडीच घरं चालतो यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं, पण पडद्याच्या कडेला कोण वरचढ आहे ते दाखवणारी काळी-पांढरी पट्टी असते. ती सगळ्यांना मतमोजणीसारखी तत्काळ समजली. ‘काळं वाढायलंय!’ पोऱ्या ओरडला. मामांना हे संगणकाचं आगाऊपण मुळीच पसंत नाही. ‘पट्टी काय बघता? तिचा चेहरा बघा!’ पण चेहऱ्यांवर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. शेवटी मामासुद्धा चोरून पट्टीच बघू लागले.

हम्पीचं घड्याळ आटत गेलं. डाव संपत आला तशी पट्टी एकदा इकडे, एकदा तिकडे लोळू लागली. ‘प्यादं! प्यादं पुढं ढकल गं बाई!’ मामा गरजले. सांगलीत तुंबलेलं सगळं इथं बाहेर पडलं. पंच बटुमीत असल्यामुळे त्यांना कुणी रोखू शकत नव्हतं. खिचडीचा गोळा झाला होता.

आणि हम्पीनं डाव सोडला. दिव्या विश्वचषक विजेती आणि त्या जोरावर त्याच क्षणी थेट ग्रँडमास्टरही. पडद्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडत होती.

‘अरारा, हरली व्हय पोरगी?’ हॉटेलवाला हळहळला.

‘जिंकली!’

‘मग रडायली कशाला?’

‘जिंकली म्हणून.’

‘अन् हरलेली?’

‘ती शांत आहे.’

हॉटेलवाल्यानं मोबाईलकडे, मग मामांकडे पाहिलं. ‘उलटाच खेळ दिसतोय,’ म्हणून तो भज्यांकडे वळला. मामांनी आनंदाच्या भरात त्यातलीच दोन भजी उचलली. उपासाला कांदा चालतो का, हे मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीत कंडक्टर पुढ्यात उभा राहिला. ‘कुठलं देऊ?’

‘काळ्या मोहऱ्यांनी,’ मामा म्हणाले, ‘काळ्या मोहऱ्यांनी जिंकली हो!’

‘दोन सोलापूर,’ मी म्हटलं.