गंगावनाचं वजन

इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचा सात मजली दर्शनी भाग पाहून माना वर करणाऱ्यांना मागची हकीकत ठाऊक नसते. 1984 च्या आगीत आतलं-मागचं बरंच गेलं, पुढची बाजू टिकली, आणि मागचं काम नंतर नव्याने उभं राहिलं. तेव्हा त्याच राजवाड्यामागच्या गल्लीत खोट्या केसांचं गंगावन घेताना मी कशाला लाजू? होळकरांना चाललं ते मला चालेल.

आजीच्या काळी गंगावन खुंटीवर राजरोस लोंबायचं आणि लग्नकार्याला गुपचूप अंबाड्यात जाऊन बसायचं. "केस काय दाट हो तुमचे!" असं कुणी म्हटलं, की आजी "कुठले, गळतात आता," म्हणून पदर सावरायची. आता क्लिपांच्या पट्ट्या मिळतात, आव तोच.

दुकानदार सगळ्यात जाड झुपका पुढे करतो. "भाभीजी, एकदम भरा-भरा लगेगा!" लागेल हो, पण धरणार कोण? पातळ केसांना हलक्या, अरुंद पट्ट्याच झेपतात. क्लिप भांगापासून खाली, कानांच्या रेषेत लावावी, मुळाशी केस थोडे उलटे विंचरून. नाहीतर ती घसरते. वरचा थर तिला झाकण्यापुरता मोकळा ठेवावा. रंग जुळवायचा तो शेंड्यांशी, आणि ट्यूबलाइटखाली नाही, दुकानाच्या पायरीवर, उन्हात. तिथे लोक बघतात, बघू देत.

खऱ्या-खोट्याची पारख एक केस जाळून होते. खरा जळून राख होतो नि तो ओळखीचा वास सुटतो. नायलॉनचा वितळून त्याची टणक गोळी होते. काडीपेटी मागितली की दुकानदाराचा चेहरा बघावा! खरे केस महाग, पण रंगवता येतात, बेताची गरम इस्त्रीही सोसतात. तिरुपतीला भाविकांनी वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, त्यातले बरेच परदेशी जातात. म्हणजे कुणाचा तरी नवस फिटतो आणि कुणा मडमेचा अंबाडा भरतो. देवाच्या हिशेबात हे कुठल्या खात्यावर पडत असेल, कोण जाणे.

मैत्रिणींनो, झोपताना गंगावन काढून ठेवा. मुळांना ओढ लागून डोकं ठणकू लागलं तर भर मांडवातही काढा, नाहीतर आहेत तेही केस तुटतील. आणि रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाणार असाल, तर गंगावन घरीच राहू द्या. तिथे टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, आणि तो ओला गुंता कुणालाच सोडवता येत नाही.